स्वमग्न मूल, त्याचे पालक आणि दुरून मिळणारे मार्गदर्शन

(इंदूर येथील मराठी वाचकांसमोर दिलेले व्याख्यान)



आपण मला येथे बोलावले ते अनुवादक म्हणून. मी वैद्य नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. मराठी विषय घेऊन एम. ए. झाले आणि पुढे इतरांची पुस्तके मराठीत आणण्याचे काम करीत आले. तेव्हा स्वमग्न मुलांच्या पालकांना हल्ली मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून जे मार्गदर्शन दिले जाते, त्याविषयी मी बोलावे याचे कोणास नवल वाटले तर ते योग्यच होय. माझा या विषयाशी संबंध आला तो एका पुस्तिकेमुळे. अशा मार्गदर्शनाच्या वेळी पालकांच्या हाती द्यावयाची साठ-सत्तर पृष्ठांची एक इंग्रजी पुस्तिका मला मराठीत करावयाची होती. काम महिन्याभराचे समजून मी ते स्वीकारले. त्याला जवळजवळ एक वर्ष लागले. इतका काळ का लागला हे सांगितले म्हणजे मला जे म्हणावयाचे आहे ते बहुतेक सांगून होईल.

पहिली अडचण नावातच होती. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला, आणि तो या मुलांसाठी घडविलेला नव्हता. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांविषयी लिहिताना त्यांना तो लागला. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. आपल्याकडे त्याचे 'स्वमग्नता' झाले. शब्द ऐकावयास गोड आहे, परंतु त्यात एक आरोप दडला आहे. मूल स्वतःत बुडाले आहे, त्याला आपली पर्वा नाही, असे तो शब्द सुचवितो. प्रत्यक्षात या मुलांपैकी अनेकांना माणसे हवी असतात. माणसांशी देवाणघेवाण कशी करावी ही वाट त्यांना आपल्यासारखी आपोआप सापडत नाही, आणि आवाज, उजेड, स्पर्श यांचा मारा त्यांना आपल्याहून वेगळा जाणवतो. पुष्कळ पालक आता सरळ 'ऑटिझम' असेच म्हणतात. मी पुस्तिकेत दोन्ही शब्द ठेवले. आज आपल्यापुढे रूढ मराठी शब्द वापरते, एवढेच.

आता थोडा इतिहास. तो टाळून पुढे जाता येणार नाही, कारण पालकांना मार्गदर्शन करू पाहणारा प्रत्येक जण तो इतिहास पाठीवर घेऊनच त्यांच्यासमोर येत असतो.

1938 साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावातून एका वकिलाने बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांस आपल्या मुलाविषयी माहिती लिहून पाठविली. ती टंकलिखित तेहेतीस पृष्ठे होती. मुलगा डॉनल्ड, वय पाच. तो कोणत्या वस्तू गरगर फिरवतो, कोणते शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, कशाने चिडतो, हे सारे बापाने टिपले होते. पुढे 1943 साली कॅनर यांनी अकरा मुलांविषयीचा जो प्रसिद्ध लेख लिहिला त्यातील पहिले मूल हा डॉनल्डच होय, आणि त्याच्या वर्णनाचा मोठा आधार ती तेहेतीस पृष्ठे होती. तज्ज्ञ शेकडो मैलांवर, मूल घरी, आणि मध्ये पालकाने केलेले निरीक्षण: आज आपण ज्याला दूरस्थ मार्गदर्शन म्हणतो त्याची मांडणी या विकाराच्या पहिल्या नोंदीतच होती असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की निरोपाची दिशा उलट होती. दूरचा तज्ज्ञ शिकत होता आणि पालक सांगत होता.

परंतु त्याच लेखात दुसरीही एक गोष्ट घडली. बापाच्या ज्या बारकाव्यांवर कॅनर विसंबले, त्याच बारकाव्यांत त्यांना बापाचा छांदिष्टपणा दिसला. या मुलांच्या आईबापांत जिव्हाळा कमी असतो अशी शंका त्यांनी लिहून ठेवली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्या शंकेचा सिद्धान्त झाला. आया 'रेफ्रिजरेटर'सारख्या थंड असतात, म्हणून मुले अशी होतात, असे बोलले जाऊ लागले. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकात हा दोष विशेष आवेशाने मांडला. ज्या बाईचे मूल तिच्याकडे पाहत नाही तिलाच, तू त्याच्याकडे प्रेमाने पाहिले नाहीस, असे सांगण्यात आले. याहून क्रूर निदान वैद्यकाच्या इतिहासात शोधून काढावे लागेल. या मताला पहिला जोरदार धक्का दिला तोही एका पालकानेच. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ स्वमग्न मुलाचे वडील होते. 1964 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा मज्जासंस्थेच्या घडणीचा प्रश्न आहे, मातेच्या स्वभावाचा नव्हे, हे पुराव्यांनिशी मांडले. पुढे 1969 साली कॅनर यांनीही पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. सिद्धान्त गेला. आयांच्या मनातून तो गेला आहे असे मात्र मला दिसले नाही. ज्या आयांनी बेटलहाइमचे नावही ऐकलेले नाही त्यांच्याही मनातून नाही. सासूने, शेजारणीने, कधी शाळेतील बाईंनी तो त्यांना आयता दिलेला असतो.

पालकांना दोषी न मानता सहकारी मानावे हा विचार सत्तरीच्या दशकात रुजू लागला. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी पालकांना सहचिकित्सक म्हणून कामात घेतले. कॅलिफोर्नियात ईव्हार लोव्हास यांच्या 1973 च्या पाहणीत, उपचारानंतर ज्या मुलांच्या पालकांना ती पद्धत शिकविली होती ती मुले टिकली किंवा पुढे गेली, आणि जी संस्थांत परत पाठविली गेली ती मिळविलेले गमावून बसली, असे आढळले. (लोव्हास यांच्या त्या काळच्या पद्धतीत शिक्षेलाही स्थान होते, त्याचे समर्थन आज कोणी करू नये.) मूल तज्ज्ञाजवळ आठवड्यातून तास-दोन तास असते आणि उरलेला सारा वेळ घरी असते, ही साधी गोष्ट मान्य होण्यास इतकी वर्षे लागली.

ज्या पद्धतीशी माझ्या पुस्तिकेचे जवळचे नाते आहे ती इंग्लंडातील. लंडन, मँचेस्टर व न्यूकॅसल येथे 152 लहान मुलांवर झालेली तिची चाचणी 2010 साली प्रसिद्ध झाली. तीत तज्ज्ञ मुलाला शिकवीत नाही. आई किंवा वडील मुलाशी काही मिनिटे खेळतात, त्याची चित्रफीत घेतली जाते, आणि मग पालक व तज्ज्ञ शेजारी बसून ती पाहतात. कोठे मुलाने काही सांगितले, कोठे ते आपल्या ध्यानात आले, कोठे निसटले, हे शोधतात. प्रारंभी निकाल फारसे दिपविणारे नव्हते: पालकांच्या प्रतिसादात मोठा फरक पडला, पण मुलांच्या लक्षणांत ठाम म्हणता येईल असा नाही. सुमारे सहा वर्षांनी त्यांतील 121 मुलांना पुन्हा तपासले तेव्हा मात्र लक्षणांची तीव्रता काहीशी कमी राहिलेली दिसली. मधल्या काळात ही पद्धत गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत आणली गेली. तज्ज्ञांचा तुटवडा असल्याने तेथे खास पदवी नसलेल्या, परंतु नीट तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी ती राबविली. 65 मुलांच्या त्या चाचणीचा निष्कर्ष 2016 साली आला. आईबापांचे प्रतिसाद सुधारले, मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. आणि दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र उलट थोडा घटला. हा शेवटचा निष्कर्ष गैरसोयीचा होता. तो झाकला नाही, यामुळे माझा त्या लोकांवरील विश्वास वाढला.

गोव्यातील ते काम समोरासमोर बसून झाले, पडद्यावरून नव्हे. परंतु चित्रफीत पाहणे हाच ज्याचा गाभा आहे ते काम दुरून करता येईल, हे ओघानेच येते.

येथे माझी खरी कसोटी लागली. या पद्धतीत एक शब्द वारंवार येतो. मूल ज्याकडे लक्ष देत आहे त्याच गोष्टीला धरून, त्याच्याकडून काही न मागता, पालकाने जे बोलावे त्याला तो शब्द आहे. मी प्रथम 'समकालिक प्रतिसाद' असे भाषांतर केले. अर्थाच्या दृष्टीने त्यात खोट काढता येणार नाही. समजा, मूल डब्याचे झाकण जमिनीवर फिरवीत आहे. आई म्हणते, "हा कोणता रंग? सांग बरं! बघ इकडे." ही मागणी झाली. मूल मान वळविते, खेळ संपतो. तीच आई त्याच्याजवळ जमिनीवर बसून म्हणते, "गरगर... गरगर... पडलं!" आणि थांबते. मूल झाकण उचलते, आणि पुन्हा फिरविण्याआधी क्षणभर तिच्याकडे पाहते. हा क्षणच त्या कामातील कमाई. आता या बोलण्याला 'समकालिक प्रतिसाद' म्हटले तर कोणत्या आईला समजावे? चार-पाच पर्याय खोडून मी अखेर 'मुलाच्या लक्षामागून जाणारे बोलणे' असे लिहिले. लांबलचक आहे, परंतु वाचून कोणी अडत नाही.

दूरस्थ मार्गदर्शनाचा उपयोग होतो का, याचे उत्तर अमेरिकेतील आयोवा राज्यातून बरेच स्पष्ट मिळाले. ते शेतीचे, विरळ वस्तीचे राज्य. विद्यापीठातील तज्ज्ञापर्यंत पोचावयाचे तर कित्येक कुटुंबांना तासन्‌तास प्रवास. तेथे हाती घेतलेला प्रश्न अधिक बिकट होता: स्वतःला किंवा इतरांना मारणे, वस्तू फोडणे. या पद्धतीत आधी एवढेच पाहतात की त्या मारण्याने मुलाला काय मिळते. नको असलेले काम टळते का? हवी ती वस्तू मिळते का? आई लक्ष देते का? ते कळले की तीच गोष्ट मागण्याचा सोपा मार्ग, एखादा शब्द, खूण किंवा चित्राचा पत्ता, मुलाला दिला जातो. 107 मुलांचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. काहींच्या घरी तज्ज्ञ प्रत्यक्ष गेला, काहींचे पालक जवळच्या केंद्रात बसून पडद्यावरून बोलले, काही आपल्या घरातूनच. तिन्ही प्रकारांत त्रासदायक वर्तन सरासरीने नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, आणि घरातून पडद्यावर बोलण्याचा खर्च सर्वांत कमी आला. खर्चाचा आकडा शासनाला आवडेल. मला त्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: प्रत्येक वेळी मुलाला हात लावणारा, शब्द देणारा, धीर धरणारा पालकच होता. तज्ज्ञाला इच्छा झाली असती तरी पडद्यातून हात बाहेर काढून मूल स्वतःच्या मांडीवर घेता आले नसते. ही असमर्थता म्हणजे या साधनाचा गुण आहे, असे मी धाडसाने म्हणते. दवाखान्यात तज्ज्ञ कुशलतेने मुलाशी खेळतो, आई कोपऱ्यातील खुर्चीवर बसून पाहते, आणि घरी जाताना तिच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की हे तिला जमणारे नाही.

आपल्या देशात हे सारे 2020 च्या टाळेबंदीत एकदम अंगावर आले. केंद्रे बंद पडली, उपचार थांबले आणि जिकडेतिकडे पडद्यावरची सत्रे सुरू झाली. त्याच मार्च महिन्यात केंद्र शासनाने दूरवैद्यकाची नियमावली काढली, परंतु ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती. कायद्याने स्वमग्नतेला 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आणि पुढे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्थान दिले. पण कायद्यातील स्थान आणि तालुक्याच्या गावी मिळणारी मदत यांत किती अंतर असते हे आपणांस सांगावयास नको.

पुस्तिका लिहीत असता मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आईच्या काही सत्रांना, तिच्या संमतीने, मी पुण्याहून पडद्यावर हजर राहिले. मुलगा चार वर्षांचा. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. आईच्या एका कानात यंत्र, त्यातून मार्गदर्शिकेचा आवाज. ती फार थोडे बोले. "थांबा जरा." "आता त्याने काय केलं?" "तेच तुम्ही म्हणा." मधूनच डबा हले आणि आम्हांला अर्धा तास नुसता पंखा दिसे. मुलाला मोबाइलमध्ये आपले मार्गदर्शन दिसत नसून आपले चालू न झालेले कार्टून दिसत होते. तो येऊन पडद्यावर बोट मारी की सत्र बंद. आजी आत-बाहेर करीत आणि एकदा जवळ येऊन त्या मार्गदर्शिकेला म्हणाल्या, "बाई, त्याला बोलायला कधी शिकवणार?" यावर मार्गदर्शिका गप्प राहिली, आणि मला तिचे गप्प राहणे आवडले.

चौथ्या सत्रानंतर मी त्या आईला पुस्तिकेचा कच्चा मसुदा वाचावयास पाठविला. तिने दोन दिवसांनी फोन केला. म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. ह्या कागदात नुसतं करा, करा आहे. जमिनीवर बसा, वाट पाहा, नाव घ्या, हसा. मी दिवसभर त्याच्याबरोबर असते, मला काय दिसतं ते कुणी विचारलंच नाही ह्यात." मी मसुदा उघडून पाहिला. पहिल्या दहा पृष्ठांत मी शंभराहून अधिक आज्ञार्थी क्रियापदे वापरली होती. इंग्रजीत आज्ञार्थ सौम्य वाटतो. मराठीत 'करा' म्हटले की समोर खुर्चीवर साहेब बसलेला दिसतो. पुस्तिका मी पुन्हा लिहावयास घेतली ती या फोननंतर. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी, संस्थेच्या परवानगीने, कोरी जागा ठेवली: आज मुलाने आपणहून काय केले, ते तुमच्या शब्दांत. तेहेतीस पृष्ठांचे ते पत्र तेव्हा मला पुन्हा आठवले.

इंग्रजीतील 'कोचिंग' या शब्दालाही मी मग 'प्रशिक्षण' म्हणणे सोडले. आपल्याकडे कोचिंग म्हणजे दहावी-बारावीची शिकवणी, जेथे नापास होणे शक्य असते. ही भीती खोटी नव्हे. काम पालकांच्या हाती दिले की अपयशही त्यांच्याच पदरात घालण्याचा मोह होतो. मूल बोलले नाही? सराव कमी पडला असेल. आठवड्यात किती वेळ दिलात, लिहून आणा. ज्या बाईला एकेकाळी तुझ्यामुळे हे झाले असे सांगितले, तिलाच आता तुझ्यामुळे हे बरे झाले नाही असे सांगण्याची ही नवी सोय होऊ शकते. हे मी कल्पनेने म्हणत नाही. अशी वही तपासून आईला सर्वांसमोर बोल लावलेला मी ऐकला आहे. काही मुले कितीही उत्तम मार्गदर्शनानंतर तोंडाने बोलत नाहीत आणि चित्रांनी किंवा यंत्राने सांगतात. प्रौढ स्वमग्न माणसे आता स्वतः लिहितात-बोलतात, आणि त्यांपैकी अनेकांचे म्हणणे असे, की आम्हांला इतरांसारखे दिसावयास शिकविण्यात बालपण गेले. तेव्हा हात फडफडणे थांबले का, नजर जुळली का, हे मोजीत बसणारे मार्गदर्शन, मग ते जवळून असो वा दुरून, मला मान्य नाही. मुलाला आपले म्हणणे पोचविता आले का, एवढे विचारावे.

येथील मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. घरात मराठी, दारात हिंदी, शाळेत इंग्रजी, अशा कुटुंबांना सर्रास सल्ला दिला जातो, की मुलाला गोंधळ नको, घरातील भाषा बंद करा. या मुलांच्या बाबतीत एकाहून अधिक भाषा कानी पडल्याने बोलणे आणखी मागे पडते असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. दुसऱ्या बाजूने, जी आई आपल्या भाषेत अंगाई म्हणते, रागावते, लाडाने हाक मारते, तिला तोडक्यामोडक्या इंग्रजीत मुलाशी खेळावयास लावले तर त्याच्या लक्षामागून जाणारे बोलणे तिला सुचणार कोठून? पडद्यावरच्या मार्गदर्शनाने येथे खरा लाभ होऊ शकतो. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी आईला मराठी बोलणारी मार्गदर्शिका पुण्या-नागपुरातून मिळू शकते. अर्थात ती मिळावयास हवी; अशा मराठीभाषक कार्यकर्त्या आज फार थोड्या आहेत, आणि घरातली चित्रफीत कोठे साठविली जाते, कोण पाहते, हे कागदावर लिहून देणाऱ्या संस्था त्याहून थोड्या. पालकांनी हे विचारण्यास संकोच करू नये.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठविली आहे, तेव्हा त्या मराठवाड्यातील घराविषयी उरलेले सांगून थांबते. सत्रे प्रथम बुधवारी दुपारी असत आणि वरचेवर चुकत, कारण घरात चांगला मोबाइल एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. मार्गदर्शिकेने तीन वेळा चौकशी केली, चौथ्या वेळी वार बदलला. आता सत्र रविवारी सकाळी असते. त्या दिवशी मोबाइल घरी असतो, आणि त्याच्याबरोबर वडीलही. गेल्या वेळी पिठाच्या डब्याऐवजी तेच मोबाइल धरून बसले होते; चित्र हलत नव्हते, आणि मधेच त्यांचा आवाज आला, "ते बघ, आत्ता त्यानं तुझ्याकडं पाहिलं. तू भाजीकडं बघत होतीस."